कुठलं जेऊर?

या महिन्याच्या टपालात गावांच्या आणि माणसांच्या सारख्या नावांनी झालेल्या घोळाचे प्रश्न इतके आले, की सगळं सदर त्यांनाच दिलं आहे. पत्रं लांब होती. प्रश्नाचा गाभा तेवढा ठेवून बाकीचा मजकूर कमी केला आहे.

प्रश्न : मुलीसाठी जेऊरचं स्थळ आलं आहे. परिचयपत्रावर फक्त 'मु. पो. जेऊर' एवढंच आहे. घरात दोन तट पडलेत. एक म्हणतो करमाळ्याचं, दुसरा म्हणतो अक्कलकोटचं. ही जेऊरं आहेत तरी किती?
— विजापूर रोड, सोलापूर

दोन्ही तट खरे असू शकतात, कारण सोलापूर जिल्ह्यातच जेऊर दोन आहेत आणि तीही जिल्ह्याच्या दोन टोकांना. एक करमाळा तालुक्यात. दौंडहून सोलापूरकडे येताना कुर्डुवाडीच्या अलीकडे हे स्टेशन लागतं. करमाळा शहराला रेल्वे नाही, त्यामुळं करमाळ्याचा प्रवासी इथंच उतरतो आणि रेल्वेच्या पाटीमुळं बाहेरच्या लोकांना हेच जेऊर ठाऊक असतं. दुसरं अक्कलकोट तालुक्यात. पुण्याहून अक्कलकोटच्या जेऊरला निघालेला पाहुणा पाटी वाचून उतरला, तर सोलापूरच अजून शंभर किलोमीटरच्या वर राहिलेलं असतं. त्यानं सोलापूरला किंवा अक्कलकोट रोडला उतरून पुढं रस्त्यानं जायचं असतं.

जिल्ह्याबाहेर अहिल्यानगरकडे वळलात तर यादी वाढते. नगर तालुक्यात छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यावर जेऊर आहे, त्याला जेऊर बायजाबाई म्हणतात. नेवासा तालुक्यात जेऊर हैबती आहे. कोपरगाव तालुक्यात तर दोन, जेऊर कुंभारी आणि जेऊर पाटोदा. म्हणजे सहा झाली. नगरकडच्या लोकांनी नावापुढं दुसरं नाव जोडून आपली सोय केली. सोलापूरकडच्या दोघांना ते जोडनाव नाही, म्हणून तुमच्या घरात वाद झाला.

जोडनावावरही डोळे मिटून विसंबू नका. 'जेऊर कुंभारी' वाचल्यावर सोलापूरकराला आपल्या अक्कलकोट रस्त्यावरची कुंभारी आठवते, आणि जेऊर अक्कलकोटचं, कुंभारी अक्कलकोटच्या वाटेवरची, असा हिशेब बरोबर जुळतो. तो साफ चुकीचा आहे. ते गाव कोपरगावचं, गोदावरीकाठच्या मुलखातलं.

परिचयपत्रावरून शोधायचं तर आधी पिन बघा. ४१३ ने सुरू होत असेल तर सोलापूर जिल्ह्यातलं, ४१४ असेल तर नगरकडचं, ४२३ असेल तर कोपरगावचं. पण करमाळा आणि अक्कलकोट दोन्ही ४१३ मध्येच येतात, तेव्हा पूर्ण सहा अंक लागतील. अक्कलकोट शहराचा ४१३२१६ आणि करमाळ्याचा ४१३२०३ आहे, त्यावरून तुलना करता येते. पिन नसेल तर गाडीचा नंबर मदत करतो. सोलापूर कार्यालयाची गाडी एमएच १३, अकलूजची एमएच ४५ आणि करमाळा अकलूजकडं येतो. मात्र जुन्या गाड्यांवर करमाळ्यातही १३ च दिसेल, म्हणून हा पुरावा दुय्यम समजा. सगळ्यांत सरळ प्रश्न फोनवर विचारायचा : "तुमचं तहसील कुठलं?" बाजार कुठला, एसटी कुठली, असलं विचारून माणूस गोंधळतो. तहसील प्रत्येकाला पाठ असतं.

पुढं लग्न ठरलं तर पत्रिका छापताना पत्ता असा घ्या : मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिन. 'मु. पो.' हे दोन शब्द जोडूनच लिहायची सवय लागली आहे, पण ते जोडायचे तेव्हाच, जेव्हा गावात स्वतःचं पोस्ट ऑफिस असेल. नसेल तर 'मु. अमुक, पो. तमुक' असं वेगळं लिहायचं. वाडी-वस्तीच्या पत्त्यात 'मु. पो.' लिहिलं की त्या नावाचं पोस्ट शोधलं जातं, ते सापडत नाही, आणि पत्र त्याच नावाच्या दुसऱ्या पोस्टाकडं जातं.

प्रश्न : पंपाचा सुटा भाग मागवला होता. पत्ता बरोबर, टेंभुर्णी लिहिलेलं, तरी माल जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीला गेला आणि तिथून परत. असं दुसऱ्यांदा झालं. चूक कुणाची?
— टेंभुर्णी, ता. माढा

टेंभुर्णी दोन आहेत हे तुम्हाला कळलंच आहे. एक तुमची, माढा तालुक्यातली, पुणे–सोलापूर महामार्गावरची. दुसरी जाफराबाद तालुक्यातली. पण माल भरकटण्याचं खरं कारण नावापेक्षा अंकांत आहे, आणि ते मराठी मुलखातल्या प्रत्येक पार्सलवाल्यानं भिंतीवर लिहून ठेवावं असं आहे.

सोलापूर जिल्ह्याचे पिन ४१३ ने सुरू होतात. छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड हा पट्टा ४३१ चा. अंक तेच तीन, नुसते मागेपुढे झालेले. तुमचा पिन ४१३२११. टाइप करताना ४३१ झाला की पार्सल मराठवाड्याच्या वाटेला लागतं. आणि तिथं पोचल्यावर चूक उघडकीस यायला हवी, तर तिथंही टेंभुर्णी नावाचं गाव हजर! नाव जुळतं, म्हणून पुढच्या माणसाला शंका येत नाही. नावात एक चूक असती तर कुणीतरी थांबवली असती. इथं एक चूक दुसरीला झाकते.

पिन वाचायचा कसा ते एकदा समजून घ्या. पहिला अंक विभागाचा. ४ मध्ये महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड येतात. दुसरा उपविभागाचा. तिसरा धरून पहिले तीन अंक टपाल छाननीचा जिल्हा सांगतात, म्हणजे थैली कुठल्या गाडीत टाकायची ते. शेवटचे तीन अंक प्रत्यक्ष पोस्ट ऑफिसचे. म्हणून पहिल्या तिनांत चूक झाली की माल दुसऱ्या मुलखात जातो, शेवटच्या तिनांत झाली तर त्याच पट्ट्यातल्या दुसऱ्या पोस्टापर्यंत जाऊन थांबतो.

फोनवर पिन सांगताना जोडीनं सांगू नका. '४१-३२-११' हे 'एक्केचाळीस, बत्तीस, अकरा' असं सांगितलं तर समोरचा 'त्रेचाळीस' ऐकतो. एकेक अंक सांगा : चार, एक, तीन, दोन, एक, एक. आणि त्याच्याकडून परत वदवून घ्या.

पार्सल निघाल्यावर त्याचा मार्ग एकदा तरी बघा. पुणे किंवा सोलापूर न दिसता छत्रपती संभाजीनगर दिसलं, की त्याच क्षणी पाठवणाऱ्याला फोन करायचा. माल शेवटच्या केंद्रावरून वाटपाला निघण्याआधी पत्ता दुरुस्त होतो. वाटपाला निघाला की परतफेरीशिवाय इलाज नाही.

मोहोळ तालुक्यातल्या वाळूजच्या लोकांना हाच त्रास जास्त होतो. ट्रान्सपोर्टच्या धंद्यात 'वाळूज' म्हटलं की छत्रपती संभाजीनगरची औद्योगिक वसाहतच समजली जाते, आणि ती ४३१ मध्ये. त्या वाळूजशेजारी पंढरपूरही आहे. त्याला छोटं पंढरपूर म्हणतात. म्हणजे 'वाळूज-पंढरपूर' अशी पाटी लावलेली गाडी भीमेकाठी येईलच असं नाही. मालाच्या पावतीवर गावानंतर लगेच तालुका लिहून घ्या, जिल्हा त्यानंतर.

पिनचे पहिले तीन अंक बरोबर आले म्हणजे सोलापूर जिल्हा पक्का, असंही समजू नका. लातूर ४१३५१२, धाराशिव ४१३५०१, बारामती ४१३१०२, राहुरी ४१३७०५, हे सगळे ४१३ च. बार्शी तालुक्यात पानगाव आहे आणि लातूरच्या रेणापूर तालुक्यातही पानगाव आहे. दोघांचीही सुरुवात ४१३. तिथं शेवटचे तीन अंक आणि तालुका याशिवाय दुसरा आधार नाही.

प्रश्न : सहलीचं नियोजन करतो. मोबाइलच्या नकाशावर गावाचं नाव टाकलं की कधी कधी भलतीकडंच नेतो. आपल्या जिल्ह्यातली अशी कुठली नावं लक्षात ठेवावीत?
— बार्शी

चार सांगतो, बाकी तुम्ही भर घाला.

नान्नज : माळढोक पक्षी अभयारण्याचं आणि द्राक्षांचं नान्नज उत्तर सोलापूर तालुक्यात, शहरापासून बार्शी रस्त्यानं सुमारे २० किलोमीटर. दुसरं नान्नज जामखेड तालुक्यात. गंमत अशी की, हे अभयारण्य सोलापूर आणि अहिल्यानगर अशा दोन्ही जिल्ह्यांत पसरलेलं, त्यामुळं नगर जिल्ह्यातलं नान्नज दिसलं तरी प्रवाशाला ते बरोबरच वाटतं.

माळशिरस : आपलं तालुक्याचं गाव. पण भुलेश्वराचं कोरीव देऊळ ज्या माळशिरसमध्ये आहे ते पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात, यवतजवळ. भुलेश्वरला जाणाऱ्यानं गावाऐवजी देवळाचंच नाव टाकावं.

उजनी : धरण माढा तालुक्यातल्या उजनीचं. बासुंदीची उजनी औसा तालुक्यात, तुळजापूर–लातूर रस्त्यावर. बसमध्ये 'उजनी' म्हटल्यावर कंडक्टर बासुंदीवाल्या उजनीचं तिकीट देतो की धरणाच्या, हे गाडी कुठल्या आगाराची त्यावर ठरतं.

मार्डी : यमाईदेवीची मार्डी उत्तर सोलापुरात. साताऱ्याच्या माण तालुक्यातही मार्डी आहे, आणि यवतमाळच्या मारेगाव तालुक्यातही.

नकाशावर गावाचं नाव टाकताना नेहमी तालुका जोडून टाका, आणि निघण्याआधी एकूण अंतर बघा. सोलापुरातून नान्नजला दीडशे किलोमीटर दाखवत असेल, तर तिथंच थांबायचं.

प्रश्न : करमाळा तालुक्यात उजनीच्या फुगवट्याजवळ जमीन घ्यायचा विचार आहे. कुणी 'केत्तूर' म्हणतो, कुणी 'केत्तूर नंबर दोन'. वांगीचेही तीन नंबर सांगतात. हे नंबर म्हणजे काय, आणि कागद बघताना काय सांभाळायचं?
— पुणे (मूळ गाव करमाळा)

हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, कारण इथं चूक झाली तर पार्सल नाही, आयुष्याची पुंजी जाते.

भीमेवर उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. नदीकाठची जुनी गावठाणं पाण्याखाली गेली आणि लोक उठून वरच्या बाजूला बसले. सगळं गाव एकाच ठिकाणी बसलं नाही. एक भाग इकडं, एक भाग तिकडं. पण आपल्या गावाचं नाव कुणी सोडलं नाही. म्हणून केत्तूर नं. १ आणि नं. २, चिखलठाण नं. १ आणि नं. २, वांगी नं. १, २, ३. बोलताना माणूस नुसतं 'वांगी' म्हणतो, कारण त्याच्या मनात ते एकच गाव आहे. कागदावर मात्र ते एक नसतं. शिवाय वांगी दक्षिण सोलापूर तालुक्यातही आहे आणि सांगलीच्या कडेगाव तालुक्यातही.

सातबारा हातात आला की आधी मालकाचं नाव वाचायची घाई करू नका. वरची ओळ वाचा. तिथं 'गाव', त्यापुढं कंसात सहा अंकी आकडा, मग 'तालुका' आणि 'जिल्हा' असं असतं. कंसातला सहा अंकी आकडा हा त्या गावाचा शासकीय संकेतांक. नं. १ आणि नं. २ ही नावं वाचताना सारखी दिसली तरी हा आकडा वेगळा असतो. सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या नावावरच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा), फेरफार आणि दस्ताचा मसुदा या चारही कागदांवर एकाच गावाचं पूर्ण नाव, नंबरासकट, आहे का ते बोट ठेवून जुळवा. नव्या सातबाऱ्यावर त्या तुकड्याचा स्वतंत्र ११ अंकी क्रमांकही येतो. तो दस्तात लिहून घ्या.

गट नंबर सांगून कुणी खात्री देत असेल तर ती खात्री नव्हे. गट नंबर ११२ प्रत्येक गावात असू शकतो. गाव आणि गट ही जोडी मिळूनच जमीन ठरते. ऑनलाइन बघताना महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर विभाग पुणे, मग जिल्हा, तालुका आणि गाव निवडावं लागतं. यादीत सारखी दिसणारी नावं एकाखाली एक येतात आणि बोट चुकून शेजारच्या नावावर पडतं. उतारा निघतो, गट नंबरही असतो, मालक तेवढा निराळा दिसतो. मग लोक म्हणतात, 'नोंद चुकली'. नोंद चुकलेली नसते, गाव चुकलेलं असतं. नुसता बघायचा उतारा फुकट आहे. व्यवहारासाठी डिजिटल सहीचा घ्या, त्याला १५ रुपये पडतात.

फुगवट्याजवळ आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात. पुनर्वसनात मिळालेल्या जमिनीवर 'भोगवटादार वर्ग २' असा शेरा असू शकतो. तसा असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विक्री चालत नाही, कितीही साक्षीदार उभे केले तरी. आणि उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर जी काळी, ओलसर जमीन उघडी पडते, त्यावर पीक उभं दिसलं तरी ती गाळपेराची जमीन. ती संपादित झालेली, सरकारची. 'आमच्या आजोबांचीच होती' हे वाक्य खरं असतं, पण ती आता विकता येत नाही. म्हणून चतुःसीमा जागेवर जाऊन, गावनकाशा हातात धरून बघा, आणि शक्यतो पाणी भरलेलं असताना बघा.

प्रश्न : आमचं गाव उपळाई खुर्द. विम्याच्या अर्जात चुकून उपळाई बुद्रुक निवडलं गेलं आणि अर्ज परत आला. खुर्द-बुद्रुक हा फरक एवढा मोठा आहे का?
— ता. माढा

महसुलाच्या दृष्टीनं ती दोन स्वतंत्र गावं आहेत, म्हणून अर्जातलं गाव आणि सातबाऱ्यावरचं गाव जुळलं नाही आणि अर्ज मागं आला. बुद्रुक हा फारसी 'बुजुर्ग'चा मराठी अवतार, म्हणजे थोरलं. खुर्द म्हणजे धाकटं. एका गावाचे दोन भाग झाले तेव्हा मूळ वस्तीला बुद्रुक आणि नव्या वस्तीला खुर्द म्हटलं गेलं. आज लोकसंख्या उलटी झाली असली तरी नाव बदलत नाही.

इंग्रजी यादीत बुद्रुकसाठी बी-के आणि खुर्दसाठी के-एच एवढीच खूण असते. अर्ज भरणाऱ्या केंद्रावर ती अक्षरं स्वतः वाचा. तुमच्या बाजूला तर आणखी भर आहे. बार्शी तालुक्यात उपळाई ठोंगे आहे, उपळे दुमाला आहे. दुमाला म्हणजे ज्या गावाचा महसूल सरकार आणि इनामदार यांच्यात वाटला जाई ते. नावाला चिकटलेली अशी शेपटी गावाचा इतिहास सांगते, ती छाटू नये. हल्ली कंसात एक अक्षर लिहायची पद्धत आहे. निमगाव (टें) म्हणजे टेंभुर्णीजवळचं, निमगाव (म) म्हणजे माळशिरस तालुक्यातलं मगराचं निमगाव. संगणकाच्या अर्जात कंस टाकता येत नसेल, तर अक्षराऐवजी पूर्ण शब्द लिहा.

प्रश्न : आमचं आडनाव जेऊरकर. चार पिढ्या सोलापुरात. मूळ जेऊर कुठलं ते कसं शोधायचं? जातीच्या दाखल्यासाठी जुना पुरावाही हवा आहे.
— भवानी पेठ, सोलापूर

आडनावावरून गाव ओळखायचं तर गावाचं नाव एकमेव असावं लागतं. मंगळवेढेकर म्हटलं की मंगळवेढा, प्रश्नच नाही. जेऊरकरांना सहा दारं ठोठवावी लागतात. पण सगळी एकदम नाही.

घरात आधी जुना कागद शोधा. पणजोबांच्या नावाचं खत, कर्जरोखा, शाळेचा दाखला, काहीही. त्यावर 'अक्कलकोट संस्थान' असा शिक्का किंवा उल्लेख असेल तर शोध तिथंच संपला. १९४८ पर्यंत अक्कलकोट हे भोसल्यांचं वेगळं संस्थान होतं. त्यामुळं त्या जेऊरचे जुने कागद संस्थानी, आणि करमाळ्याच्या जेऊरचे कागद मुंबई इलाख्यातल्या सोलापूर जिल्ह्याचे. हा फरक आयता मिळालेला पुरावा आहे, तो सोडू नका. (मंगळवेढ्याचंही असंच. ते सांगली संस्थानात होतं, म्हणून तिथल्या जुन्या नोंदी सोलापुरात शोधून काही जण थकतात.)

मग तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ मागा. याला कोतवाल बुक म्हणतात. गावातल्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी त्यात असतात, बऱ्याच मोडी लिपीत. अर्जात गाव, तालुका, अंदाजे वर्षं आणि पणजोबांचं वडिलांसह नाव लिहा. त्या काळी सोलापुरात आलेल्या माणसाचं आडनाव गावात वेगळंच असे. 'जेऊरकर' हे गाव सोडल्यावर लागलेलं नाव, जेऊरमध्ये राहणाऱ्याला कोण जेऊरकर म्हणणार? म्हणून गावच्या नोंदीत 'जेऊरकर' शोधून मिळत नाही. नाव, वडिलांचं नाव आणि जात यांवर शोधा. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये 'जन्मस्थळ' हा रकाना असतो, तिथं मात्र जेऊरपुढं तालुका लिहिलेला सापडण्याची शक्यता चांगली.

त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गावावर आणि कुळावर नोंदी असतात. तुमच्या घराण्यातलं कुणी पूर्वी तिथं विधीसाठी गेलं असेल तर नाव मिळतं. आपल्या सीमेवरच्या भागात हेळवीही वंशावळ सांगतात. ही माहिती शोधाला दिशा देते. दाखल्यासाठी मात्र सरकारी नोंदीचीच नक्कल चालते, आणि नक्कल घेताना तिच्यावर तालुक्याचं नाव आलं आहे याची खात्री करा. दुसऱ्या जेऊरची नक्कल जोडली गेली की तपासणीत सगळं प्रकरण अडकतं.

प्रश्न : वडिलांचं नाव आधारवर सिद्राम, शाळेच्या दाखल्यावर सिद्धराम, सातबाऱ्यावर सिद्रामप्पा. त्यात गावात त्याच नावाचे, वडिलांचंही नाव तेच असलेले, आणखी एक गृहस्थ आहेत. वारसनोंद अडली आहे.
— दक्षिण सोलापूर

ग्रामदैवत सिद्धरामेश्वर, त्यामुळं सोलापूर भागात घरटी एक सिद्राम निघाला तर नवल नाही. सिद्धराम, सिद्राम, सिद्रामप्पा, सिद्धप्पा, सिद्धेश्वर ही सगळी त्याच श्रद्धेतून आलेली. 'अप्पा' हा कन्नड आदरार्थी शब्द, कुणी लावतो, कुणी गाळतो. सिद्धारूढ मात्र यांत धरू नका. ते हुबळीच्या सिद्धारूढ स्वामींवरून आलेलं वेगळं नाव आहे. कारकुनानं दोन्ही एकच समजून लिहिलं असेल तर ती दुरुस्ती वेगळी मागावी लागेल.

तुमच्यापुढं दोन निराळी कामं आहेत, त्यांची सरमिसळ करू नका.

पहिलं काम, तीन नावं एकाच माणसाची हे दाखवणं. त्यासाठी प्रतिज्ञापत्र चालतं. त्यात तिन्ही नावं जशीच्या तशी, कुठल्या कागदावर कुठलं ते लिहून, आणि सोबत तिन्ही कागदांच्या प्रती. प्रतिज्ञापत्रानं कागद बदलत नाहीत, फक्त दुवा जुळतो. वडील हयात असतील आणि एकच नाव कायम करायचं असेल, तर राजपत्रात प्रसिद्धी करून मग एकेक कागद बदलत जा. आधारवर नाव जन्मात दोनदाच बदलता येतं, तेव्हा तो बदल शेवटी करा, बाकी सगळं नक्की झाल्यावर.

दुसरं काम, तो दुसरा सिद्राम वेगळा हे दाखवणं. इथं आठ-अ बघा. संगणकीकरणात सारख्या नावांची खाती एकत्र झाल्याची उदाहरणं गावोगाव आहेत. वडिलांच्या खात्यात जे गट दिसतात ते सगळे तुमचेच आहेत का, हे आधी तपासा. एखादा गट त्यांचा तुमच्यात आलेला असेल तर तुम्हीच पुढं होऊन सांगा, म्हणजे त्यांच्याकडं गेलेला तुमचा गटही वादाशिवाय परत येतो. जुना हस्तलिखित सातबारा आणि ज्या फेरफारानं जमीन आली तो गाव नमुना सहाचा उतारा काढा. संगणकाचा उतारा त्याच्याशी जुळत नसेल तर ती लेखनातली चूक, आणि ती महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली तहसीलदार दुरुस्त करतात. अर्ज ग्राम महसूल अधिकाऱ्याकडं म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडं देता येतो. दुसऱ्या गृहस्थांना नोटीस जाईल, तेव्हा त्यांना आधी घरी जाऊन समजावून सांगितलेलं बरं. पुढच्या नोंदीत आजोबांचंही नाव घालायला सांगा. दोन सिद्राम आणि दोघांचे वडील मल्लप्पा असू शकतात, पण आजोबाही सारखे निघणं विरळा.

प्रश्न : आजोबांच्या कागदावर 'शोलापूर' आहे. बँकेतला माणूस म्हणतो हे वेगळं गाव.
— अशोक चौक, सोलापूर

वेगळं नाही. इंग्रज अमलात शोलापूर असंच लिहीत. शहराचं नाव कायम बदलत आलं आहे. सिद्धरामेश्वरांच्या काळात, बाराव्या शतकात, ते सोन्नलगी होतं. मोहोळ तालुक्यातल्या कामतीच्या शके १२३८ च्या शिलालेखात सोनलीपूर आहे, किल्ल्यातल्या लेखात सोनलपूर, किल्ल्यातल्याच विहिरीवरच्या लेखात संदलपूर. सोळा गावं मिळून सोलापूर ही लोकांतली व्युत्पत्ती या लेखांपुढं टिकत नाही. बँकेला एवढा इतिहास ऐकवायची गरज नाही. त्याच आजोबांचा, त्याच पेठेतल्या घराचा, 'सोलापूर' लिहिलेला नंतरचा एक कागद, उदाहरणार्थ घरपट्टीची पावती किंवा मिळकतीचा उतारा, सोबत जोडा.

प्रश्न : बाहेरगावचे पाहुणे सिद्धेश्वराच्या यात्रेला, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेला येतात. रिक्षात 'सिद्धेश्वर' म्हटलं की कुणी भलतीकडंच सोडतो.
— जुळे सोलापूर

या शहरात सिद्धेश्वर म्हणजे मंदिर, पेठ, बाजार समिती, होटगी रस्त्याला कुमठ्याचा साखर कारखाना, आणि रात्रीची मुंबईची गाडीसुद्धा. शेतमाल घेऊन आलेल्या दिसणाऱ्या माणसाला रिक्षावाला थेट हैदराबाद रस्त्याला मार्केट यार्डात नेतो, त्यात त्याची चूक नाही. पाहुण्यांना 'सिद्धेश्वर मंदिर, तळ्यातलं, किल्ल्याजवळ' असं सांगायला शिकवा. अक्षता सोहळ्यासाठी येत असतील तर 'संमती कट्टा' म्हणायचं, आणि त्या दिवशी नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळं रस्ते बंद असतात, म्हणून किल्ल्याच्या अलीकडेच उतरून चालत जायचं.